दोन मॅच हरलेली टीम देशाची चॅम्पियन कशी? ओहायो स्टेटचा २०२४ चा सीझन

मुलगी अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतेय, फोनवर निम्मा वेळ तिथल्या टीमच्या अमेरिकन फुटबॉलचंच चालतं, म्हणून तुम्ही २०२४ च्या सीझनचे निकाल काढून बघितले आणि तिथेच अडलात. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनकडून हार. ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून हार. स्वतःच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे ज्या लीगमध्ये खेळतात तिच्या, फायनललाही पात्र नाहीत. आणि २० जानेवारी २०२५ ला हेच राष्ट्रीय विजेते! ‘हे नशीब, नियमांची मेहरबानी, की सात आठवड्यांत टीम खरोखर बदलली?’ असं तुम्ही विचारलंय. शिवाय ती सुट्टीला आली की दोघांनी बसून बघण्याजोगी एखादी मॅच सुचवा, असंही म्हटलंय.

तिन्ही गोष्टी आहेत, पण सारख्या मापाच्या नाहीत. नियमांनी दुसरी संधी दिली, हे खरं. नशिबाचा हात एका मॅचमध्ये चांगलाच होता, त्यावर पुढे येतो. टीममधली माणसं मात्र मिशिगनच्या मॅचला होती तीच राहिली. बदललं ते इतकंच, की दुखापतींनी खिळखिळ्या झालेल्या लाइनला (पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे पाच जण) जे झेपत नव्हतं, ते तिच्याकडून करून घ्यायचा हट्ट कोचनी सोडला. मी ऑफेन्सिव्ह लाइनच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे मला प्रत्येक मॅच लाइनमधूनच दिसते, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्यांच्या, कोचला विचारलंत तर तो या टीमच्या जेरेमाया स्मिथचं नाव घेऊन मोकळा होईल, आणि त्याचंही अगदीच चुकीचं नसेल.

आधी नियम उरकून टाकू. २०१४ ते २०२३ या सीझनमध्ये राष्ट्रीय प्लेऑफ फक्त चार टीमचा असायचा. २०२४ पासून तो बारा टीमचा झाला. त्या वर्षीच्या नियमाने पाच सर्वांत वरच्या क्रमांकाच्या कॉन्फरन्स विजेत्यांना हमखास जागा होती, उरलेल्या सात जागा १३ जणांच्या निवड समितीने भरल्या. ओहायो स्टेटची कॉन्फरन्स बिग टेन. नावात दहा असले तरी तिच्यात आता अठरा टीम आहेत, आत वेगळे गट नाहीत, आणि पहिल्या दोन टीम इंडियानापोलिसला फायनल खेळतात. कॉन्फरन्समध्ये सात जिंकून दोन हरलेली ओहायो स्टेट त्या दोघांत बसली नाही. फायनल ओरेगॉनने पेन स्टेटविरुद्ध ४५-३७ अशी जिंकली. म्हणजे त्या वर्षीचा बिग टेनचा विजेता ओरेगॉन आणि देशाचा विजेता ओहायो स्टेट. दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, इथेच बहुतेकांची गल्लत होते. आयपीएलमध्ये २०१६ ला सनरायझर्स हैदराबाद गुणतक्त्यात तिसरे होते आणि एलिमिनेटरमधून वाट काढत कप घेऊन गेले, तसंच काहीसं.

निवड समितीच्या शेवटच्या यादीत ओहायो स्टेट सहावी होती. जुन्या चार टीमच्या पद्धतीत ती घरी बसली असती. त्या पद्धतीत दोन पराभव असलेली टीम एकदाही आत आलेली नव्हती. प्लेऑफमध्ये तिला आठवं मानांकन मिळालं, म्हणजे पहिल्या फेरीची मॅच घरच्या मैदानावर. पहिल्या चार मानांकित विजेत्यांना, म्हणजे ओरेगॉन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट यांना, पहिली फेरी माफ होती. गंमत म्हणजे ते चौघंही उपांत्यपूर्व फेरीतच हरले. यावरून ‘विश्रांती बाधली’ असा निष्कर्ष लोक काढतात, तो मला पूर्ण पटत नाही. समितीच्या यादीत बॉइझी स्टेट नववी आणि ॲरिझोना स्टेट बारावी होती. विजेतेपदामुळे त्यांना वरचं मानांकन मिळालं होतं, त्या हरल्या यात नवल काय? ओरेगॉनबाबत मात्र पंचवीस दिवस मॅच नसणं नडलं असं म्हणायला जागा आहे. पुढच्या वर्षी नियमच बदलला आणि मानांकन सरळ यादीच्या क्रमाने द्यायचं ठरलं.

आता मैदानावर येऊ. १२ ऑक्टोबरची ओरेगॉनमधली मॅच ३२-३१ अशी गेली. बहुतेकांना तिचा शेवट आठवतो आणि तो खरोखर बघण्यासारखा आहे. दहा सेकंद उरले असताना ओरेगॉनने मैदानावर अकराऐवजी बारा जण ठेवले. ओहायो स्टेटचा पास फुकट गेला. दंड म्हणून पाच यार्ड मिळाले, पण चार सेकंद जे गेले ते गेलेच. उरलेल्या सहा सेकंदांत क्वार्टरबॅक (पास टाकणारा) विल हॉवर्ड बॉल घेऊन पळाला, घसरून खाली बसला आणि घड्याळ शून्यावर आलं. फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक, मारायला वेळच उरला नाही. हा प्रसंग आपण सरावात घेतला होता, असं ओरेगॉनचे कोच डॅन लॅनिंग यांनी नंतर सूचकपणे सांगितलं. त्याच आठवड्यात नियमाचा नवा अर्थ जाहीर झाला: हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत असा दंड झाला तर समोरच्या टीमला घड्याळ मागे घेऊन मागता येईल.

पण त्या मॅचमधलं खरं नुकसान त्याआधीच, पहिल्या हाफमध्ये झालं होतं. डावा टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा माणूस) जॉश सिमन्सचा गुडघा गेला आणि त्याचा सीझन संपला. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ पास टाकताना डाव्या बाजूला असते, म्हणून डावा टॅकल हा लाइनमधला सर्वांत महागडा माणूस. त्याच्या जागी झेन मिकाल्स्की आला. पुढची मॅच नेब्रास्काशी होती, ती २१-१७ अशी कशीबशी निघाली, धावून मिळालेले यार्ड जेमतेम ६४, आणि त्यातच मिकाल्स्कीही जखमी झाला. मग डावा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा माणूस) डोनोव्हन जॅक्सनला टॅकलवर सरकवलं.

हे सरकवणं ऐकायला सोपं वाटतं. गार्डला दोन्ही बाजूंना आपला माणूस असतो आणि समोरचा दीडशे किलोचा गडी थेट अंगावर येतो. पाय रोवायचे, हात त्याच्या छातीत घालायचे आणि ताकदीला ताकद द्यायची, हे त्याचं काम. टॅकल कडेला एकटा. समोरचा हलका, चपळ आणि बाहेरून वळसा घालणारा. तिथे तिरकं मागे सरकत जायचं असतं, दर पावलाला वजन आतल्या पायावर ठेवून. गार्डची सवय असलेला माणूस हात लवकर टाकतो आणि कंबरेतून वाकतो. तो वाकला की चपळ गडी त्याचा हात झटकून मागे पोहोचलाच समजा. अशी सवय मोडायला माझ्या अनुभवात एक उन्हाळा लागतो. जॅक्सनला एक आठवडा मिळाला, आणि समोर पेन स्टेट. ती मॅच २०-१३ अशी जिंकली. त्याचं बरंचसं श्रेय डिफेन्सचं आहे. पेन स्टेटला गोलरेषेपासून तीन यार्डांवरून चार प्रयत्न मिळाले आणि एकही आत गेला नाही. त्यानंतर उरलेली पाच मिनिटं ओहायो स्टेटने नुसतं धावून संपवली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. ‘आपण ताकदीने धावू शकतो’ हा विश्वास बहुधा तिथेच पक्का झाला आणि चार आठवड्यांनी महागात पडला.

कारण दरम्यान सेंटरही गेला. इंडियाना मॅचच्या आठवड्यात सरावात सेथ मॅक्लॉफलिनची टाचेची शीर तुटली. हा अलाबामाहून आलेला गडी त्या वर्षीच्या सर्वोत्तम सेंटरला मिळणाऱ्या रिमिंग्टन ट्रॉफीचा मानकरी ठरला, यावरून काय गमावलं ते कळावं. सेंटर नुसता बॉल मागे देत नाही. समोरची रांग बघून कोणी कोणाला धरायचं हे तोच ओरडून सांगतो. त्याच्या जागी कार्सन हिन्झमन आला, गार्डच्या जागा ल्यूक मॉन्टगोमेरी, टेग्रा त्शाबोला आणि ऑस्टिन सिएरवेल्ड यांच्यात फिरत राहिल्या. उजवा टॅकल जॉश फ्रायर तेवढा जागेवर होता. तरी इंडियानाला ३८-१५ असं हरवलं, त्यामुळे धोक्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

मग मिशिगन. तेव्हाची मिशिगन सहा जिंकून पाच हरलेली, पास टाकता न येणारी टीम. त्या मॅचमध्येही त्यांचे पासचे यार्ड फक्त ६२ आहेत. सट्टेबाजांनी ओहायो स्टेटला वीसच्या आसपास गुणांनी वरचढ धरलं होतं. निकाल १३-१० मिशिगन, आणि दुसऱ्या हाफमध्ये ओहायो स्टेटचा गुण शून्य. मिशिगनचा एकमेव टचडाउन (बॉल गोलरेषेपार नेणं) हॉवर्डचा पास अडवून बॉल दोन यार्डांपर्यंत आणल्यामुळे झाला. किकर जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल चुकले. घड्याळात ४५ सेकंद असताना मिशिगनने २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि विषय संपला.

लोक चुकलेल्या किकला नावं ठेवतात. मी २६ धावांत ७७ यार्ड हा आकडा बघतो, म्हणजे धावेमागे तीन यार्डसुद्धा नाहीत. हे का झालं ते समजण्यासाठी ‘इनसाइड झोन’ नावाची धाव घ्या. सेंटर आणि गार्ड मिळून समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला (हा डिफेन्सचा मधला दांडगा, आपल्या लाइनमधला टॅकल नव्हे) खांदा लावतात. दोघांनी त्याला यार्डभर मागे रेटलं की त्यातला एक जण सुटतो आणि मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या रांगेतल्या गड्यावर, जातो. रनिंग बॅक बॉल घेऊन लाइनपाशी पोहोचेपर्यंत हे उरकायला हवं, साधारण दीड सेकंदात. आता टॅकल जागचा हललाच नाही तर? दोघंही त्याच्याशीच झटत राहिले तर लाइनबॅकर मोकळा येतो. एक जण लवकर सुटला तर टॅकल उरलेल्याला बाजूला फेकतो. दोन्हीकडून धाव दोन यार्डांत संपते. मिशिगनकडे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन न हलणारे टॅकल होते, पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडीत) पहिल्याच फेरीत पाचव्या आणि तेराव्या क्रमांकावर उचलले गेलेले. त्यांच्या अंगावर नवा सेंटर आणि बदललेले गार्ड पुन्हा पुन्हा पाठवणं हा शुद्ध हट्ट होता. बाहेर जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका असे रिसीव्हर उभे असताना! त्या दिवशी स्मिथला पाच कॅच आणि ३५ यार्ड मिळाले.

या हट्टामागचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. त्याआधीची तीन वर्षं मिशिगनने यांना लागोपाठ हरवलं होतं आणि ‘ओहायो स्टेट नाजूक टीम आहे, अंगावर गेलं की मोडते’ असा टोमणा हेड कोच रायन डे यांच्या मानेवर बसलेला होता. ताकद दाखवण्याच्या नादात ताकद नसलेल्या जागेवरून हल्ला झाला. हा सलग चौथा पराभव. युनिव्हर्सिटीच्या गावात, कोलंबसमध्ये, डे यांना काढून टाका म्हणणारे कमी नव्हते.

पुढे जे झालं त्यात कॉन्फरन्सची फायनल हुकल्याचा फायदाच झाला. ३० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, तीन आठवडे रिकामे. एवढ्या वेळात नवी लाइन आणता येत नाही, पण तिचं काम कमी करता येतं. ऑफेन्स चिप केली यांच्याकडे होता. ते त्याच वर्षी यूसीएलएचं हेड कोचपद सोडून ओहायो स्टेटला डे यांच्या हाताखाली आले होते. प्लेऑफच्या मॅचमध्ये तीन बदल स्पष्ट दिसतात. पहिल्या डाउनलाच (दहा यार्ड जाण्यासाठीच्या चारपैकी पहिल्या प्रयत्नालाच) पास, तोही कधी लांबवर. मधून आदळणाऱ्या धावांपेक्षा कडेने जाणाऱ्या धावा, आणि त्या रनिंग बॅक ट्रेव्हियन हेंडरसनकडे. तिसरं, बॉल हातातून लवकर सोडणं. हॉवर्डने बॉल लवकर सोडला तर जॅक्सनला कडेच्या गड्याला पूर्ण थोपवायची गरज नाही, दोन पावलं उशीर करवला तरी पुरे.

पहिल्या डाउनला पास टाकल्याने धाव कशी सुधारते, हा गणिताचा भाग आहे. लाइनच्या आसपास डिफेन्सची किती माणसं आहेत ते मोजायचं. ती सात-आठ असतील तर पाच लाइनमन आणि एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा जोडीदार) कोणाला पुरणार? पण स्मिथ दोनदा मागे पळून पास घेऊन गेला की डिफेन्सला दोन्ही सेफ्टी (सर्वांत मागचे राखणदार) खोलवर ठेवावे लागतात आणि पुढे सहा उरतात. सहाला सहा. मग तीच लाइन अचानक बरी दिसू लागते. लोक म्हणतात डिसेंबरमध्ये लाइन सुधारली. थोडी सुधारली असेलही, जॅक्सन तर नक्कीच. पण मोठा फरक समोरच्या माणसांच्या संख्येत पडला.

प्लेऑफच्या पहिल्या फेरीत टेनेसीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-० आणि शेवटी ४२-१७. हॉवर्डचे २९ पैकी २४ पास पूर्ण, ३११ यार्ड. मग १ जानेवारीला रोझ बोल या उपांत्यपूर्व मॅचमध्ये पुन्हा ओरेगॉन, तेव्हाची देशातली एकमेव अपराजित टीम. स्मिथचा ४५ यार्डांचा टचडाउन तिसऱ्याच प्लेला, मग एग्बुका ४२, पुन्हा स्मिथ ४३, हेंडरसन धावत ६६, मध्ये दोन फील्ड गोल. दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०. शेवटी ४१-२१. ज्या टीमने ऑक्टोबरमध्ये ३२ गुण घेतले तिचे धावेचे यार्ड या वेळी वजा २३ होते. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकला मागे पाडलं की तेवढे यार्ड धावेच्या हिशोबातून कापतात आणि त्या दिवशी तो आठ वेळा पडला, म्हणून आकडा उणे.

डिफेन्सला मी इथे थोडक्यात आटोपतोय, ते माझ्या डोळ्याच्या मर्यादेमुळे. खरं तर देशात सर्वांत कमी गुण देणारा डिफेन्स यांचाच होता, मॅचमागे १३ च्या आत. ऑक्टोबरच्या ओरेगॉन मॅचनंतर प्लेऑफआधीच्या नियमित सीझनमध्ये कोणालाही १७ च्या वर गुण मिळाले नाहीत, मिशिगनलाही नाही. म्हणजे हरताना आणि जिंकताना डिफेन्स जवळपास सारखाच होता. प्रश्न ऑफेन्सचाच होता, माझ्या म्हणण्याला हा सर्वांत मोठा आधार आहे. त्यात अलाबामाहून आलेला सेफ्टी केलेब डाउन्स बघायला विसरू नका. तो कधी मागे, कधी लाइनपाशी उभा राहतो आणि समोरच्या क्वार्टरबॅकचं मोजणं चुकवतो.

आता नशीब. १० जानेवारीची टेक्ससशी झालेली कॉटन बोल, म्हणजे उपांत्य मॅच. टेक्ससने स्मिथला दोघादोघांनी घेरलं. पूर्ण मॅचमध्ये त्याचा एक कॅच, तीन यार्ड. हे बरोबरच होतं, मीही तेच केलं असतं. त्यामुळे बॉल दुसरा रिसीव्हर कार्नेल टेटकडे आणि हेंडरसनकडे गेला. पहिला हाफ संपायला २९ सेकंद असताना स्क्रीन पासवर हेंडरसन ७५ यार्ड गेला. स्क्रीनमध्ये लाइनमन मुद्दाम समोरच्याला आत येऊ देतात आणि सटकून पुढे जातात. कमजोर लाइनचं हे आवडतं औषध, कारण अडवायचं नाटकच करायचं असतं. दुसऱ्या हाफमध्ये १४-१४ बरोबरीनंतर चौथ्या डाउनवर दोन यार्ड हवे होते, तर हॉवर्ड स्वतः १८ यार्ड पळाला. त्यातूनच पुढे २१-१४ झालं. तिथून टेक्सस चालत एक यार्डावर आली. चार प्रयत्न, एक यार्ड. पहिली धाव अडली. दुसऱ्यांदा त्यांनी बॉल बाजूला फेकून कडेने जायचा प्रयत्न केला आणि सात यार्ड गमावले. आठ यार्डांवरून चौथ्या डाउनला डिफेन्सच्या जॅक सॉयरने क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातून बॉल उडवला, उचलला आणि ८३ यार्ड पळत थेट टचडाउन केला. हे दोघं पूर्वी ओहायो स्टेटमध्ये रूममेट होते, ही आणखी एक गंमत. मॅच २८-१४.

टेक्ससने सरळ मधून दोनदा रेटा दिला असता तर? कदाचित २१-२१ आणि मग कोणी काही सांगू शकत नाही. एक यार्डावरून कडेने जाणं मला पटत नाही, कारण आडवं पळण्यात जो सेकंद जातो तेवढ्यात चपळ डिफेन्स पोहोचतो. पण पेन स्टेटने मधूनच जाऊन बघितलं होतं आणि तेही अडले होते. म्हणून नशीब होतं हे मान्य, पण आंधळं नव्हतं.

फायनल अटलांटात, नोत्र दामशी. नोत्र दामने सुरुवातीलाच १८ प्ले आणि पावणेदहा मिनिटं घेऊन टचडाउन केला. अशा वेळी घाबरून लांबचे पास टाकायला लागणं ही नेहमीची चूक. ओहायो स्टेटने ती केली नाही. हॉवर्डचे पहिले तेरा पास सलग पूर्ण झाले. पहिला टचडाउन सावकाश बघा: स्मिथ बॉल सुटायच्या आधी आतल्या बाजूला चालू लागतो, त्याच्यावरचा गडी सोबत निघतो, आणि बॉल सुटताच स्मिथ आल्या पावली बाहेर वळतो. समोरचा गर्दीत अडकलेला, आठ यार्डांवर स्मिथ एकटा. इथे लाइनला जेमतेम दोन सेकंद उभं राहायचं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३१-७ झाल्यावर नोत्र दामने ३१-२३ पर्यंत आणलं. शेवटी अडीचेक मिनिटं उरलेली, तिसरा डाउन, अकरा यार्ड हवेत. धावून वेळ खायचा आणि बॉल परत द्यायचा, हे पुस्तकी उत्तर. त्यांनी स्मिथकडे लांब पास टाकला, एकास एक, ५६ यार्ड. फील्ड गोलने ३४-२३. मिशिगनच्या मॅचमध्ये ही टीम हा पास टाकण्याचं धाडस करत नव्हती, आणि लाइन तर तीच होती. आणखी एक बघा: ज्या टीमला मिशिगनविरुद्ध ७७ यार्डांच्या पुढे धावता आलं नव्हतं, ती फायनलमध्ये २१४ यार्ड धावली.

पैशाचा मुद्दा कोणीतरी काढेलच, म्हणून तोही. युनिव्हर्सिटीचे क्रीडा संचालक रॉस ब्योर्क यांनी या टीमच्या खेळाडूंवर वर्षभरात सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं उघड सांगितलं होतं. तेव्हा ते पैसे युनिव्हर्सिटी थेट देत नसे. खेळाडूंच्या नाव-प्रतिमेच्या करारांतून ते येत. त्यातून कॅन्सस स्टेटचा हॉवर्ड, ओल मिसचा क्विनशॉन जडकिन्स, अलाबामाचे डाउन्स आणि मॅक्लॉफलिन आले. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सॉयर, जेटी टुइमोलोआऊ, एग्बुका, हेंडरसन, जॅक्सन हे सगळे आदल्या वर्षीच एनएफएलला जाऊ शकत असताना राहिले. या टीममधले १४ जण २०२५ च्या ड्राफ्टमध्ये निवडले गेले. जखमी सिमन्स आणि त्याची जागा घेणारा जॅक्सन, दोघंही पहिल्या फेरीत. इतकी खोली नसती तर दोन लाइनमन गमावल्यावर कुठलीही योजना चालली नसती. साध्या टीमला हे उत्तर लागू पडत नाही, हे कबूल करायला हवं.

शेवटी, काय बघायचं. पूर्ण मॅच साडेतीन तास चालते, त्यातला मोठा भाग जाहिराती आणि थांबणं. आधी मिशिगनचा फक्त दुसरा हाफ बघा. बॉलकडे बघायचा मोह टाळा आणि ७५ नंबरच्या हिन्झमनकडे बघा: बॉल दिल्यावर तो पुढे सरकतोय की जागीच अडकतोय? पाच-सहा धावांत तुम्हालाच उत्तर मिळेल. मग रोझ बोलचा पहिला हाफ लावा आणि प्रत्येक प्लेआधी लाइनसमोरची माणसं मोजा, सहा की सात. सहा दिसली तर मुलीला आधीच सांगा, ‘आता धाव येईल.’ नेहमी बरोबर येणार नाही, पण ती चकित होण्याइतकं नक्की येईल. ७४ नंबर जॅक्सन, ४ नंबर स्मिथ, २ नंबर डाउन्स, ३३ नंबर सॉयर. टेक्ससच्या मॅचचा शेवटचा क्वार्टर वेळ असेल तर. पूर्ण बघायची तर फायनलच.

आणि थेट बघायची हौस आली तर मिशिगनची मॅच नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी असते. तिथले दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, जेवणं उरकून बसता येतं. फायनलचं मात्र अवघड आहे. २०२५ ची आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहाला सुरू झाली होती.